सुवाच्य प्रत

पेनफोल्ड वकिलांनी टोपी काढली, पण बसायला काही तयार होईनात. टोपी हातातल्या हातात फिरवत उभे राहिले.

"बाईसाहेब, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. पण ऑफिसात तिघांनी हात टेकले. छापखान्यात दाखवावं, तर लंडनभर बोभाटा. साहेबांचं अक्षर तुमच्याशिवाय कुणाला लागत नाही."

त्यांनी चार पानी पत्र टेबलावर ठेवलं. एडमंड क्रॉफ्टननं बायकोपासून वेगळं होण्याच्या अटी लिहून पाठवल्या होत्या, आणि त्या वाचायला माणूस मिळाला तो कोण, तर बायकोच! ऑगस्टाला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. अठरा वर्षं त्याच्या प्रत्येक कादंबरीची सुवाच्य प्रत तिनंच काढली होती. सुखी संसार रंगवावा तर क्रॉफ्टननंच, असं लोक घरोघर म्हणत. इकडे दोघं एका टेबलावर जेवल्याला तीन वर्षं झाली होती.

तिनं चष्मा लावला. पहिलीच ओळ होती, 'ही बाई म्हणजे माझ्या गळ्यातली धोंड.'

"'आमचे स्वभाव जुळले नाहीत,'" तिनं वाचलं. "'दोष तिचा एकटीचा नाही.'"

सवयच ती. कादंबऱ्यांतलंही त्याचं कडू ती असंच गाळून टाकायची.

"वा!" वकील म्हणाले. "भांडणातसुद्धा केवढं मोठं मन! उगाच नाही लोक डोक्यावर घेत."

वर लेटी पियानोवर एकच धून घोकत होती आणि दर खेपेला त्याच जागी चुकत होती. आठ वर्षांची पोर. कायदा म्हणत होता, मूल बापाचं. घर जाऊ दे, मानमरातब जाऊ दे, पण लेटी नको जायला, एवढंच ऑगस्टानं देवाजवळ मागितलं होतं.

"आणि मुलीचं काय लिहिलंय?" वकिलांनी विचारलं.

ते शेवटच्या पानावर होतं. 'मुलगी माझ्याकडे राहील. आईनं वर्षातून दोनदा भेटावं.'

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"'मुलगी आईजवळ राहील,'" ती म्हणाली. "'मी वर्षातून दोनदा भेटेन.'"

वकिलांनी पत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग टोपी टेबलावर ठेवून त्यांनी खुर्ची ओढली.

"स्वच्छ प्रत काढून द्या. शुक्रवारी त्यांची सही घेतो." जरा थांबून ते हळूच म्हणाले, "पण सहीआधी वाचतील हो ते."

तिनं दौत पुढे ओढली. टाक बुडवला आणि कोऱ्या कागदावर पहिली ओळ लिहायला घेतली.

"माझं अक्षर? अठरा वर्षांत एकदाही वाचलं नाही त्यांनी."