शियाच्या लोण्याची पैज

"वाट्या आधी इकडे," टिंगा म्हणाला. दोन्ही पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या वाट्या त्याने आतून-बाहेरून पुसल्या, उलट्या करून सगळ्यांना दाखवल्या आणि प्रत्येकीत शियाच्या, म्हणजे शिया झाडाच्या बियांच्या, लोण्याचा गोळा ठेवला.

एक वाटी टेनेच्या नव्या खोलीत जायची होती. भिंती मातीच्या, वर कमानही मातीच्याच विटांची. ना वासा, ना पत्रा. दुसरी वाटी सासूबाईंच्या पत्र्याच्या खोलीत. अंगणातल्या कणगीला घराची सावली टेकेपर्यंत पत्र्याखालचं लोणी वितळलं आणि मातीखालचं घट्ट राहिलं, तर उरलेल्या खोल्यांवरही कमान चढणार. नाहीतर उद्या कोंगुसीच्या बाजारातून पत्रे येतच होते. घरात थोरल्या दिराचा, टिंगाचा, शब्द शेवटचा.

टेनेने पाठीवरचं बाळ सावरलं. गेल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली त्याचं अंग घामोळ्यांनी सोलून निघालं होतं. सासूबाईच वारा घालत जागायच्या. पण चार माणसांत त्यांचं एकच पालुपद, "माणसानं पत्र्याखाली राहावं. माती उंदरांना." पत्रे येणार म्हणून त्या सगळ्या बाजाराला सांगून आल्या होत्या.

आणि आज नेमकी उत्तरेकडून गार वाऱ्याने धूळ उठली होती. सूर्य फिक्का, चंद्रासारखा.

"दादा, आज नको. आज ऊनच नाही. लोणी कुठेच वितळायचं नाही."

"मग पत्रे," टिंगा म्हणाला.

"घाबरतेस काय, गाढवाच्या डोक्याच्या मोसी!" झेर्बो गवंडी ओरडला. तो सामो जमातीचा, हे घर मोसींचं. सामो आणि मोसी समोरासमोर आले की एकमेकांना थट्टेने शिव्या दिल्याशिवाय पाणी पीत नाहीत. "माझी कमान आहे ती!"

"कुत्रंखाऊ सामो, तुझी कमान माझ्या कोंबडीनं शिंकलं तरी पडेल," आपल्या खोलीच्या उंबऱ्याआत शेगडीवर हात शेकत सासूबाई म्हणाल्या.

झेर्बो थेट कमानीवर चढला आणि नाचू लागला. पोरंटोरं टाळ्या पिटू लागली.

सासूबाईंनी आपली वाटी उचलली. "माझ्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. ही सून वाटी गुपचूप उन्हात नेऊन ठेवेल. मी राखण करते." दार धाडकन लागलं. थोड्या वेळाने आतून खोकल्याची उबळ आली.

"आई, बरं आहे ना?"

"धूळ गं मेली!"

शेवटी फिकी सावली कणगीला टेकली. टेनेने आपली वाटी आणली. गोळा दगडासारखा. पण तिला भीती दुसऱ्या वाटीची होती.

सासूबाई बाहेर आल्या. वाटी लुगड्याच्या घडीत धरलेली. टिंगाने आत बोट बुडवलं.

"तेल! निव्वळ तेल!"

अंगण दणाणलं. झेर्बो वरून आरोळ्या ठोकत होता. टेने हसत होती, रडत होती, तिचं तिलाच कळेना.

"पत्रे आल्या पावली परत," टिंगा म्हणाला. "मातीचंच घर!"

"हरले बाई," सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हातारपणी उंदरांच्यात राहायचं नशिबी!" आणि बाळाला घ्यायला मोकळा हात पुढे केला.

"वाटी द्या, आई. धुऊन टाकते."

"राहू दे, मी धुते की."

पण बाळ आधीच त्यांच्या कडेवर झेपावलं होतं. टेनेने त्यांच्या लुगड्याच्या घडीतून वाटी काढून घेतली, तेल ओतलं आणि धुवायला ती पालथी केली.

कोऱ्या पांढऱ्या वाटीचं बूड ताज्या काजळीने काळंकुट्ट झालं होतं.