न पेटवलेली मेणबत्ती

"नोंग, मला नाही जमायचं," तोंडातली हवेची नळी काढून जोनालिन म्हणाली. ती अजून कमरेएवढ्याच पाण्यात होती. "तुम्हीच जा खाली. माझ्या वतीनं हात लावून या."

तिनं ज्याला नोंग, म्हणजे दादा, म्हटलं तो तेर्यो होडीची कड धरून उभा होता. बेटावर येणाऱ्या नवशिक्यांना पाण्याखाली नेऊन आणायचं, यातच त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

"मी जाईन गं इंदाय, माझ्या पोरी. पण तुझी आजी काय म्हणाली होती?"

ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "दुसऱ्याच्या हातानं नाही. तूच बुडी मार, तूच हात लाव."

"मग घाल नळी तोंडात."

तिची लोला, म्हणजे आजी, पासिंग तिकडे सेबू शहरात अंथरुणाला खिळलेली. जन्म म्हणे याच बेटावरचा. ज्वालामुखीचा डोंगर फुटला त्या वर्षी किनाऱ्यालगतचं जुनं कबरस्तान समुद्रात गेलं, त्याच्याबरोबर तिच्या आईची कबरही गेली. आपले डोळे मिटण्याआधी नातीनं त्या कबरीला हात लावून तिथं मेणबत्ती ठेवावी, एवढंच म्हातारीचं मागणं. उद्या मृतांचा सण. घरोघरची माणसं आपापल्या कबरींवर दिवे लावणार. म्हणून आज जायलाच हवं होतं.

पोर बेटावर उतरली तेव्हा चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा कोरा होता. आई गेल्यापासून वर्षभर तिनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता, हे तिनंच सांगितलं. सकाळी झावळीच्या विणलेल्या पुड्यांतला भात आणि सुकी मासळी पुढं ठेवली, तर तिनं ताट नुसतं बाजूला सारलं.

"न खाता बुडायचं कसं गं?" होडीवाला बुदोय म्हणाला. "अशानं कमरेला शिशाच्या वजनाऐवजी माझ्या बायकोला बांधावं लागेल!"

ती हसली नाही.

तेर्योला मात्र वेगळीच टोचणी होती. खाली कबरस्तान होतं, ते खरं. पण इतक्या वर्षांत पोवळ्यांनी सगळे दगड गिळले होते. एकावरचंही अक्षर लागत नव्हतं. तरी दरवर्षी कुणी ना कुणी पणजीला, खापरपणज्याला शोधत यायचंच. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? तेर्यो सगळ्यांना एकाच दगडापाशी नेई. त्यावर पंख्यासारखं जांभळं पोवळं उगवलेलं होतं, दिसायला देखणं. लोक काचेच्या मुखवट्यातल्या मुखवट्यात रडत आणि समाधानानं घरी जात. तो एक दगड आजवर कितीजणांचा पूर्वज झाला होता, देव जाणे.

"हिच्या आजीच्या माग्बानुआ आडनावाचं कुणी होतं का रे आपल्या बेटावर?" बुदोयनं हळूच विचारलं होतं.

"डोंगरानं काय थोडी आडनावं गिळली? तू होडी सांभाळ."

पण या वेळी त्याचं मन खात होतं. मरणाला टेकलेल्या म्हातारीची शेवटची इच्छा. तिथंही आपण तोच दगड खपवायचा?

होडी कबरस्तानावर आली. पहिल्या बुडीला जोनालिन अर्ध्यातून वर आली. दुसऱ्यांदा मुखवट्यात पाणी शिरलं, ती खोकत होडीला बिलगली.

"घरी जायचं?" तेर्योनं विचारलं.

तिनं हातातल्या पिशवीकडं पाहिलं. पिशवीत पांढरी मेणबत्ती होती. "नाही."

"मग श्वास रोखू नकोस. घे, सोड. कान दुखला तर नाक दाबून फुंक. बाकीचं माझ्यावर सोड."

तिसऱ्यांदा त्यानं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. खाली उतरता उतरता तिच्या बोटांची पकड हळूहळू सैल झाली. पिवळ्या माशांचा एक थवा तिच्या अंगावर आला, फुटला आणि मागं जाऊन पुन्हा जुळला. ती मान वळवून बघतच राहिली.

तेर्योनं दगड दाखवला.

तिनं कडेच्या मोकळ्या जागी तळवा टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग मेणबत्ती काढून शेजारच्या वाळूत रोवली, आणि आनंदानं अंगठा वर केला.

पाण्याखाली अंगठा वर म्हणजे वर चला. तेर्यो तिला घेऊन निघाला, तर तिनं जोरजोरात मान हलवली आणि त्याचा पाय धरून त्याला खाली ओढलं. तिच्या नळीतून बुडबुड्यांचा लोंढा सुटला. ती हसत होती.

होडीत चढल्या चढल्या तिनं भाताचे तीन पुडे संपवले. चौथा बुदोयच्या हातातून ओढला.

"अगं, तो माझा आहे!"

"बायकोला सांगा करून द्यायला. उद्या परत येऊ या ना, नोंग?"

मग तिनं आजीला फोन लावला. "लोला, सापडली! मी हात लावला, माझ्या हातानं!" थोडं बोलून तिनं फोन तेर्योकडं दिला आणि मुखवटा चढवून, कुणी न सांगता, पाण्यात उडी घेतली.

तेर्योनं ओला हात पुसून फोन कानाला लावला. पलीकडं कढईत काहीतरी तळल्याचा आवाज येत होता.

"दोदोंग, पोरा, जेवली का रे ती?" आवाज चांगला खणखणीत होता.

"तीन पुडे खाल्ले, लोला. चौथा हिसकावलान."

"हसली?"

"अजून हसतेय. आमच्या होडीवाल्याला भिजवतेय."

पलीकडं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

तेर्योला राहवेना. "लोला, रागवा हवं तर. तो दगड तुमच्या आईचा नाही. कुणाचा आहे, मलाही ठाऊक नाही. मी सगळ्यांना तोच दाखवतो."

कढईतलं काहीतरी उलटलं गेलं.

"मग उद्याही तोच दाखव, दुसरा नको," म्हातारी म्हणाली. "तुझं मी झाकते, माझं तू झाक. तुझ्या त्या बेटावर मी उभ्या जन्मात पाऊल ठेवलेलं नाही."