पोटाच्या जागी आकाश

पडद्यावर आई दारात उभी होती. म्हणजे वर डोकं होतं, खाली पाय होते आणि अध्येमध्ये दोन पंजे तरंगत होते. बाकीच्या आईतून तीन अवकाशयानं आली, एकमेकांवर आदळली आणि फुटली.

डबिंगच्या खोलीत, काचेपलीकडे माईकसमोर उभ्या असलेल्या नटीने हेडफोन काढला.

"माझं अंग कुठाय?"

काचेअलीकडे दिग्दर्शकाने इफेक्ट्सच्या प्रमुखाकडे पाहिलं. ऑफिसात या प्रमुखाला ज्वालामुखी म्हणत, कारण आजवरच्या प्रत्येक सिनेमात त्याने एक घातला होता. प्रेमकथेतसुद्धा.

"तुम्ही हिरवा स्वेटर घातला होता," ज्वालामुखी म्हणाला. "मागचा पडदा हिरवा. कॉम्प्युटरला सांगून ठेवलंय, हिरवं दिसलं की आकाश लाव. त्याने लावलं."

"थंडी होती. तुमचा तो पंखा माझ्यावर सोडला होता."

"पंखा नव्हे, वादळ."

"आणि स्वेटर हिरवा आहे हे सांगायला माणसं नव्हती का तिथं? चाळीस जण उभे होते."

"सगळे वादळ बघत होते, मावशी," दिग्दर्शक म्हणाला.

सबंध सिनेमात तिला एकच वाक्य होतं. मुलगा खांद्याला पिशवी लावून युद्धावर निघतो, ती दारातून म्हणते, 'जायचं तर जा, पण जेवून जा,' आणि तो मागे फिरतो. ते वाक्य म्हणताना ती जरा वाकली होती, दुखऱ्या पाठीची बाई वाकते तशी. त्या वाकण्यासाठी तिने हा सिनेमा घेतला होता. त्या वाकण्याच्या जागी आता एक ग्रह फिरत होता.

"ते प्रतीकात्मक वाटतं," दिग्दर्शक म्हणाला. "आईच्या पोटात ब्रह्मांड."

"स्वेटर होता रे तो."

"प्रेक्षकाला काय माहीत?"

"आणि मुलगा मागे का फिरतो, ते तरी प्रेक्षकाला कळेल का? हे असं दिसल्यावर तो पळायला पाहिजे."

"याला दुरुस्त करायला माणूस नाही माझ्याकडे," ज्वालामुखी म्हणाला. "बाराच्या बारा जण लाव्हारसावर बसलेत."

"मी गोष्ट वाचली तेव्हा त्यात ज्वालामुखी नव्हता."

"लेखकाला सुचला नव्हता."

"लेखक कुठाय?"

"त्याला काढला."

नटीने हेडफोन घातला आणि माईकमध्ये म्हणाली, "जायचंतरजापणजेवूनजा." बस सुटण्याची सूचना यापेक्षा मायेने देतात.

"मावशी, जीव ओता ना जरा."

"कशातून?"

दिग्दर्शकाने कपाळ चोळलं. डबिंगची खोली तासाच्या भाड्याने घेतलेली होती. "एक सांगतो," तो म्हणाला. "नसेल जमत तर सीनच उडवू. पिशवी उचलली की थेट युद्ध. तसंही लोक त्याचीच वाट बघतायत."

"उडव. पंजांचं नाव तेवढं शेवटच्या पाट्यांमध्ये घाल."

"थांबा, थांबा," ज्वालामुखी म्हणाला. "अंगच पाहिजे ना? अंगं आहेत माझ्याकडे. पंचवीस हजार." त्याने लॅपटॉप उघडला. युद्धाच्या सीनमधल्या गर्दीतून एक सैनिक उचलला, त्याचं डोकं काढलं, पाय काढले आणि उरलेलं आईच्या मानेखाली बसवलं. एवढ्या वेळात कुणाची शिंकसुद्धा पुरी होत नाही.

आता आईला चिलखत होतं. सैनिकाचे दोन हात आणि तिचे दोन पंजे, असा एकूण चाराचा हिशेब होता. सैनिकाच्या हातांत बंदूक होती. मुलगा निघाला होता आणि नळी बरोबर त्याच्या पाठीवर होती.

दिग्दर्शक खुर्चीत पुढे सरकला. "बंदूक काढता येईल?"

"हातांबरोबर येते. एकच तुकडा आहे."

"ही आई आहे," नटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पोराला जेवायला बोलावतेय ती! तुम्हा दोघांना कुणी कधी जेवायला बोलावलंय की नाही?"

"मागितलंत ते दिलं," ज्वालामुखी म्हणाला. "अंग आहे, पोट आहे. आता आणखी कुरकुर असेल तर कात्री आहेच."

दिग्दर्शकाने सीन उडवायच्या बटणावर बोट ठेवलं. तिला ते काचेतून दिसत होतं.

नटीने डोळे मिटले. पडद्याकडे पाठ केली. खोलीत कॅमेरा नव्हता, तरी ती वाकली. एक हात चौकटीवर टेकावा तसा हवेत टेकला. आणि मग जे वाक्य आलं ते इतकं हळू, इतकं आतून आलं, की दिग्दर्शकाशेजारी बसलेला ध्वनिमुद्रक मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघू लागला. "जायचं तर जा... पण जेवून जा."

दिग्दर्शकाने वाक्य चित्रावर चढवून लावलं.

बंदूक रोखलेली होती. आवाज शांत होता. मुलगा जागच्या जागी थांबला, पिशवी खाली ठेवली, मागे वळला आणि येऊन गुपचूप ताटावर बसला.

"बापरे," दिग्दर्शक कुजबुजला. "काय थंड डोक्याची बाई आहे ही. काटा आला."

"आणि गोष्टही जुळली," ज्वालामुखी म्हणाला. "आधी तो का थांबतो, तेच कळत नव्हतं."

पडद्यावर मुलाने पहिला घास घेतला आणि त्याचा चेहरा जवळून दिसू लागला. शूटिंगच्या दिवशी तो नट तिच्याकडे बघून खरोखरच रडला होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. घास तोंडात तसाच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ज्वालामुखीने लॅपटॉप मिटला.

"याला हात लावायला नको," तो म्हणाला. "घाबरलाय किती छान."