सोमवारी बंद

"हेही सोमवारी बंद," असं म्हणत ओदिलने वहीतलं सहावं नाव खोडलं.

तिचा नवरा रेजिस समोर बसून कांदे सोलत होता. दिजोंमधल्या त्यांच्या छोट्याशा खानावळीत खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या होत्या, कारण आज सोमवार होता आणि त्यांचीही सुट्टी होती. घोडं पेंड खात होतं ते इथेच. दोघे मोकळे फक्त रविवारी आणि सोमवारी. दोन तासांवरच्या लियोंला जावं, दोन दिवस मनसोक्त खावं-प्यावं, असा त्यांचा लग्नापासूनचा बेत. आणि लियोंमधल्या धड खानावळीही नेमक्या रविवारी-सोमवारीच दार लावून बसायच्या.

वही चोवीस वर्षांची होती. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'लियों', आणि आतल्या प्रत्येक पानावर कुठल्या ना कुठल्या रश्श्याचा डाग. दुपारी काय खायचं, त्याबरोबर कुठली वाइन घ्यायची, रात्री चीज कुठे चाखायचं, गाडी कितीची, सगळं टिपलेलं. वाचूनच भूक लागावी इतका सुरेख बेत होता. तडीस गेला नव्हता, एवढंच.

"रविवारी उघड्या असतात की काही," रेजिस म्हणाला.

"हो, दारात जेवणाचे फोटो लावलेल्या. तिथे पाणीसुद्धा पिणार नाही, असं तूच म्हणतोस."

"नाहीच पिणार."

"मग एक गुरुवार आपलं दार बंद ठेवू."

रेजिसने कांद्यांवरून मान वर केली. "अगं, बाबांनी उभ्या आयुष्यात दोनदाच आडवारी दार लावलं. एकदा मी जन्मलो तेव्हा आणि एकदा ते स्वतः गेले तेव्हा."

"म्हणजे लियोंला जायचं तर आपल्यापैकी कुणीतरी मरायला हवं."

तो हसला. ओदिल हसली नाही. तिने वही मिटली आणि हात तिच्यावर ठेवला.

"पुढच्या सोमवारी आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. पंचवीस वर्षं तू चुलीपाशी उभ्याने खातोस आणि मी ताटं नेता-आणता दोन घास तोंडात टाकते. मला तुला एकदा समोर बसून जेवताना बघायचंय रे. दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं, गरम. आता नाही जमलं तर ही वही मी चुलीत घालणार."

ती चिडून बोलली असती तर रेजिसने काहीतरी थट्टा केली असती. पण ती शांतपणे बोलली होती, आणि त्याला फार वाईट वाटलं. दुनियेला जेवू घालणारा माणूस आपल्या बायकोला एक जेवण देऊ शकत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"एक नाव राहिलंय ना?" त्याने विचारलं.

राहिलं होतं. पहिल्याच पानावर, खाली दोन रेघा ओढलेलं: मदाम पेराशों. त्यांच्या हातचे नदीतल्या माशाचे मऊसूत गोळे आणि जाड बुडाच्या बाटलीतली गारेगार बोजोले वाइन. ओदिलने त्यांना आजवर एकदाही फोन केला नव्हता. त्यांच्याकडून नकार आला की बेतच संपला, अशी तिला धास्ती होती.

रेजिसने हात पुसले आणि स्वतःच नंबर फिरवला.

"अरे, सोमवार आहे. बंद खानावळीत फोन कोण उचलणार?"

"आपल्याकडे सोमवारी कोण उचलतं? जो हाडांचा रस्सा उकळवत असतो तो."

तिसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला. मागे काहीतरी रटरटत होतं.

"बंद आहे!" बाईंचा आवाज चांगलाच खरखरीत होता.

"माहीत आहे, मदाम. आम्हीही बंदच आहोत. दिजोंमध्ये माझी खानावळ आहे, 'लंगडी गोगलगाय'." आणि मग रेजिसने सगळं सांगून टाकलं. रविवार-सोमवारचं त्रांगडं, लग्नाची पंचवीस वर्षं, दोन रेघांचं नाव, बायकोची वही आणि चूल. इतकं तो एका दमात कधीच बोलला नव्हता. ओदिल फोनला कान लावून उभी होती, हातात पेन्सिल तयार ठेवून.

पलीकडे बाईंनी कशावर तरी झाकण ठेवलं.

"सोमवारी दुपारी एक वाजता या," त्या म्हणाल्या. "मागच्या दाराने. मी रांधीन, माझा नवरा वाढेल. आणि चुलीपाशी यायचं नाही, सांगून ठेवते. मुकाट्याने बसून जेवायचं."

ओदिलच्या हातातली पेन्सिल खाली पडली. रेजिसने डोळे पुसले. कांद्यांचं निमित्त होतं म्हणून बरं.

"पण मदाम, तुमचा सुट्टीचा दिवस... याची परतफेड आम्ही कशी करायची?"

"त्याच्या पुढच्या सोमवारी आम्ही दोघं तुमच्याकडे येतो. खिडकीपाशीचं ते गोल टेबल आम्हाला द्या. आणि रेड वाइनमध्ये शिजवलेली अंडी. पावाला लसूण चोळायला विसरू नका."

रेजिसने खिडकीपाशीच्या गोल टेबलाकडे पाहिलं, मग ओदिलकडे. "तुम्ही इथे येऊन गेलायत, मदाम?"

"कशी येणार?" बाई खेकसल्या. "तुम्ही सोमवारी बंद! एकतीस वर्षं झाली आमच्या वहीवर 'दिजों' लिहून."