आवाजाची जागा
काचा बसवणारा तो कारागीर फिट येऊन दोनदा शिडीवरून पडला होता, म्हणून ही शस्त्रक्रिया ठरली. कवटीचा तुकडा काढलेला होता, पण मेंदूला दुखत नाही, त्यामुळे तो जागा होता आणि पडल्या पडल्या गप्पा मारत होता. फिट नेमकी कुठून सुरू होते ते शोधायला सर्जनबाई बारीक तारेने मेंदूला विजेचा हलका स्पर्श करत होत्या. एका जागी तार टेकली आणि तो बोलता बोलता थांबला. "आई हाक मारतेय," तो म्हणाला. "ढब्बू, दार लाव रे, मांजर दूध पिऊन जाईल!" आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, तिचा आवाज त्याला कधीच आठवला नव्हता. बाईंनी तार पुन्हा टेकवली. पुन्हा तीच हाक. समोर मेंदूचा नखाएवढा ओला, गुलाबी भाग. दार, मांजर, आई, सगळं त्यात कसं मावलं, बाईंना कळेना. "फिट इथूनच सुरू होते," त्या हळूच म्हणाल्या. "हा भाग काढला तर आईचा आवाजही जाईल कदाचित. तुम्ही सांगाल तसं." "घरी लेक धास्तावलेली असते, डॉक्टर. काढा. पण आधी एकदा ऐकवा." त्यांनी ऐकवलं आणि मग सुरी घेतली. दुसऱ्या दिवशी बाईंनी भीत भीत विचारलं, "आईचा आवाज?" त्याने डोळे मिटून वाट पाहिली. "गेला," तो म्हणाला. "पण काल ऐकला होता, ते आठवतंय. फोटोत ती फार कडक दिसते हो. बोलताना मात्र हसत होती."