लतिकाबाईंचा विषय

पास्टर विली टीव्हीवर दिसू लागले तेव्हा लतिकाबाईंनी चष्मा पुसून घेतला. या माणसाला आज त्या नीट बघून घेणार होत्या.

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या वीणाच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी मराठी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमायची. महिन्यातून एकदा दूर पॅसिफिक महासागरात, वानुआतूमधल्या एका बेटावरच्या चर्चशी व्हिडिओवर बोलणं असायचं. इथे शनिवारची दुपार, तिथे रविवारची सकाळ. कॅमेरा, माइक, वायरी सगळं लतिकाबाईंचा मुलगा देवदत्त बघायचा, आणि नगरहून आलेल्या आईच्या मते दुखणं तिथूनच लागलं होतं.

कारण पोरगा हल्ली खोलीचं दार लावून याच विलींशी बोलत बसायचा. महिन्यातून एकदा नाही, रोज. आई दारापाशी गेली की आवाज बारीक व्हायचा. परवा त्याने पासपोर्ट बाहेर काढला, मोठी बॅग उघडून बघितली. कुठे निघालास विचारलं तर ‘कुठे नाही गं’ म्हणाला. यातून काही न कळण्याइतक्या लतिकाबाई भोळ्या नव्हत्या. इंजिनियरची चांगली नोकरी सोडून पोरगा मिशनरी व्हायला निघाला होता. देवाचं काम चांगलंच, पण ते दुसऱ्याच्या मुलाने करावं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

पास्टर विली सावकाश इंग्रजीत बोलत होते. त्यांच्यामागे लाकडी बाकांवर माणसं बसली होती, बायकांच्या मांडीवर मुलं होती. वीणा एकेक वाक्य मराठीत सांगत होती. वादळात शाळेचे पत्रे उडाले, ते अजून बसलेले नाहीत. टाकीचं पाणी खारट झालंय. नर्सला पलीकडच्या गावांत न्यायला बोट आहे, पण तिचं इंजिन सारखं बंद पडतं.

“इंजिनियर पाहिजे म्हणा की सरळ,” लतिकाबाई पुटपुटल्या.

“काय म्हणालात, काकू?” शेजारच्या प्रसादने विचारलं.

“काही नाही. प्रार्थनेत आहे मी.”

पण त्यांना राहवेना. वीणा श्वास घ्यायला थांबली तशी त्या मोठ्याने म्हणाल्या, “त्यांना विचार, आमच्या देवदत्तशी रोज काय बोलणं चालतं?”

“आई, आत्ता नको,” वायरींपाशी उभा असलेला देवदत्त म्हणाला.

“आत्ताच. सगळ्यांसमोर.”

वीणाने जरा सौम्य करून विचारलं. पास्टर विलींचा चेहरा उजळला. ब्रदर देवची आई का? बाकांवरच्या बायकांनी हात हलवले. मग ते आनंदाने बोलत सुटले.

“ते म्हणतात, बेटावरचे सगळे रोज सकाळी देवदत्तसाठी प्रार्थना करतात,” वीणा म्हणाली. “त्याची...”

ती थांबली, पण थांबून उपयोग नव्हता. देवदत्तचा जॉब गेला, व्हिसाची मुदत संपत आली, दुसरं काम मिळालं नाही तर देश सोडावा लागेल, एवढं इंग्रजी लतिकाबाईंनाही कळत होतं. आणि आईला सांगायचा धीर त्याला मिळावा, हेही आम्ही मागत होतो, पास्टर विली म्हणाले. आज आई स्वतःच विचारते आहे, म्हणजे तो मिळाला. देवाची स्तुती असो.

बाकांवरून आमेन आलं. देवदत्तने घाईघाईने इथला माइक बंद केला.

“मला नाही सांगितलंस,” लतिकाबाई म्हणाल्या. “न पाहिलेल्या माणसांना सांगितलंस.”

“तुला सांगितलं असतं तर तू इथे सगळ्यांसमोर प्रार्थनेला ठेवलं असतंस.”

“मग? प्रार्थनेला ठेवण्यात काय वाईट?”

“सावनीचं ठेवलंस ना.”

याच मंडळीतल्या सावनीची सोयरीक मोडल्याचं लतिकाबाईंनीच या हॉलमध्ये सांगितलं होतं, तिच्यासाठी प्रार्थना करा म्हणून. आमेन म्हणेपर्यंत ते कोणाच्या तरी फोनवरून नगरला पोचलं होतं. सावनी त्यानंतर यायची बंद झाली.

लतिकाबाईंनी सगळ्यांकडे बघितलं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कळवळा होता. तो खोटा नव्हता, पण त्याच्याखाली काय असतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, त्यांनी स्वतः तो चेहरा कितीदा तरी केला होता. त्यांना लाज वाटली, आणि मुलासाठी भीती वाटली.

टीव्हीवर पास्टर विली वाट बघत होते. इकडचा आवाज का गेला हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी हसून विचारलं, आईचा प्रार्थनेसाठी काही विषय आहे का?

देवदत्तने आईकडे बघितलं. मग माइक चालू केला. दर शनिवारी लतिकाबाईंकडे चारपाच विषय तयार असायचे, सगळे दुसऱ्यांचे.

“आहे म्हणावं,” त्या वीणाला म्हणाल्या. “पण काय ते सांगणार नाही. देवाला ठाऊक आहे.”

वीणाने सांगितलं. बेटावरच्या माणसांनी आणखी काही विचारलं नाही. बाकांवरच्या माना खाली गेल्या आणि पास्टर विलींनी प्रार्थना सुरू केली.

इथेही माना खाली गेल्या. लतिकाबाई तेवढ्या डोळे उघडे ठेवून बसल्या, कोणाचा हात फोनकडे जातो ते बघत.