येतानाची उशी

चार्लव्हिलहून ब्रिस्बेनला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत आडवं व्हायची सोय नव्हती, सगळी रात्र खुर्चीत काढावी लागे. म्हणून गावातली माणसं घरूनच उशी घेऊन निघत. क्लेमनं पिशवीत पांघरूण, लोकरीचे मोजे आणि डोळ्यांवर ओढायला जुनी टोपी भरली. वर दोन उशा कोंबल्या.

"दोन डोकी आहेत का तुला?" डल्सीनं बायकोच्या हक्कानं विचारलं.

"येताना दोघं असू."

"रोवीना यायची नाही. पोरगी हट्टाला माझ्यावर गेलीय. तीन वर्षांत साधा फोन केला नाही तिनं. तिची उशी तेव्हापासून कपाटात पडलीय, मी हातसुद्धा लावलेला नाही. उगाच कशाला हमाली करतोस?"

चेन लागेना, तेव्हा गुडघा देऊन क्लेमनं पिशवी बंद केली.

चार दिवसांनी तो परतला तो एकटाच. डल्सीनं त्याच्या मागे रस्त्याकडे एकदा पाहून घेतलं.

"सांगितलं होतं ना मी," असं म्हणत ती धुवायचे कपडे काढायला पिशवी उघडून बसली. आत एकच उशी होती.

"दुसरी गाडीत विसरलास ना, वेंधळ्या?"

"नाही. तिनं ठेवून घेतली." क्लेम खाली वाकून बूट काढत होता. "नाकाशी धरून बसली बराच वेळ. मग म्हणाली, आईनं अजून साबण बदललेला दिसत नाही."